नाव बोलावणाऱ्याचं, तारीख मागून

चैत्र लागून आठ दिवस झाले होते, तरी आभाळ भरून आलेलं. पाऊसही नाही आणि धड ऊनही नाही, नुसती उकाड्याची चिकचिक. नाशकात, सातपूरच्या कॉलनीत जयंतीच्या निळ्या पताका लागल्या होत्या, पण वारा पडल्यामुळे त्या वाळत घातलेल्या धुण्यासारख्या गप लोंबत होत्या. सहादू दोंदे पहाटे पाचला बादली अन् फडकं घेऊन रिक्षापाशी आला. आधी काच, मग सीट, मग खालचा पत्रा. सीटच्या फटीत बोट घालून त्यानं कालच्या सवारीची शेंगदाण्याची टरफलं उकरून काढली. रिक्षा पुसताना तो कुणाशी बोलत नसे. पण आज ओठ हलत होते.

"धिस वे, प्लीज. माइंड युवर स्टेप. हाऊ मेनी इयर्स ओल्ड?"

लताबाई डबा घेऊन दारात आली. अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटायची. सहादूच तिला पहिल्या पाळीला सोडायचा. तिनं दोन घटका ऐकून घेतलं.

"कुणाला इचारताय, रिक्षाला?"

"सराव करतोय."

"करा. पोरीच्या गावाला जाऊन दगडांचं वय इचारा. पोरगी वाळलीय का फुगलीय ते मात्र बघायचं ध्यानात ठेवा, म्हंजे झालं."

पोरगी म्हणजे रोहिणी. तीन वर्षं झाली, ती जर्मनीत हायडेलबर्ग नावाच्या गावात नर्स होती. मोठं हॉस्पिटल, मधून नदी, नदीवर जुना पूल आणि डोंगरावर पडका किल्ला, इतकं सहादूला व्हिडिओ कॉलवरून तोंडपाठ झालं होतं. तीन वर्षांत ती एकदाही आली नव्हती. औंदा तिनंच पैसे साठवून बापाला बोलावलं होतं, जूनमध्ये, तीन आठवड्यांसाठी. दोघांचं जमत नव्हतं. लताबाईला इतकी रजा मिळायची नाही, आणि विमानाचं नाव काढलं की ती उठून आत जायची. "तुमीच जा," ती म्हणाली होती, "तुमाला चार माणसं हाताळायची सवय हाय." व्हिसाचे कागद मुंबईला दिले होते. पासपोर्ट अजून परत आला नव्हता.

सवय खरीच होती. सकाळी पाळीची माणसं अंबडला सोडली की सहादूची रिक्षा नऊच्या सुमाराला लेणीच्या पायथ्याशी लागायची. लोक पांडवलेणी म्हणत, सहादू त्रिरश्मी म्हणायचा, आणि सवारी बसली की पहिल्यांदा तेवढं नाव दुरुस्त करून घ्यायचा. चोवीस वर्षं तो माणसांना ती लेणी दाखवत होता. रिक्षा खाली लावून सवारीबरोबर वर चढायचा. शिलालेख त्याला वाचता येत नव्हता, पण दहा नंबरच्या लेण्यात कोणत्या राजाच्या जावयानं काय दान दिलं, हे तो अशा थाटात सांगे, की जणू दान देताना हा पठ्ठ्या तिथं साक्षीला उभा होता. परदेशी पाहुणा आला तर इंग्रजीतही सांगे. ते इंग्रजी शाळेतलं नव्हतं. जपानच्या, श्रीलंकेच्या, कुठकुठच्या यात्रेकरूंनी पायरीपायरीला टाकलेलं, यानं वेचलेलं. स्टँडवरचा बहिरू त्याला गाईडसाहेब म्हणून चिडवायचा. बहिरू सिन्नरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पायरी चढण्यापेक्षा रिक्षात झोपलेलं बरं, असं त्याचं तत्त्व.

तर असा हा गाईडसाहेब कालच्या रविवारपासून दुखावलेला होता. बोलला नव्हता कुणाशी, पण दुखावला होता.

रविवारी रोहिणीचा फोन आला तेव्हा त्यानं सहज विचारलं होतं, "आल्यावर मग तो किल्ला दाखवशील ना?"

रोहिणी घुटमळली. "पप्पा, माझ्या ड्युट्या लय वाकड्यातिकड्या असतात. तुम्ही असं करा, एखादी गायडेड टूर घ्या. इंग्रजीतल्या असतात. जर्मन गाईड घेऊ नका, काही कळायचं नाही. स्वस्तातल्या पण असतात, शोधा नेटवर. अंजलीताईला सांगा."

"तू नाही यायची?"

"बघते ना पप्पा. पण तुम्ही बुक करूनच ठेवा."

फोन ठेवल्यावर सहादू बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. हे बोलणं त्याला नवं नव्हतं. आठवड्यातून दोनदा तरी तो हे ऐकायचा, फक्त दुसऱ्या बाजूनं. पुण्याहून, ठाण्याहून, कधी अमेरिकेहून कुणाचातरी मुलगा फोन करायचा: काका, आईबाबा नाशिकला येताहेत, मला काही जमत नाही, तुम्ही नीट फिरवा, लेणी दाखवा, हळू न्या. आणि सहादू नीट फिरवायचा, लेणी दाखवायचा, हळू न्यायचा. ती म्हातारी माणसं खांब बघायची नाहीत. हातातल्या फोनकडं बघायची. दोन वर्षांपूर्वी जळगावचे एक रिटायर मास्तर आले होते, एकटेच. सगळं बघून झालं. खाली येऊन रिक्षात बसले आणि म्हणाले, "दोंदे, तुम्ही माझ्याबरोबर जेवाल का? मुलानं जेवणाचेपण पैसे पाठवलेत." सहादू जेवला. मास्तरांनी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि मुलाला फोन करून सांगितलं, फार मजा आली.

आता सहादूचं तेच होणार होतं. एखादी गोरी बाई छत्री उंच धरून पुढं चालणार, हा मागं मागं, आणि रोहिणी संध्याकाळी विचारणार, कसं वाटलं पप्पा? आणि हा म्हणणार, फार मजा आली.

तरी बोलावणारीचा शब्द मोडायचा नाही. लताबाईला पाळीला सोडून अन् दोन सवाऱ्या मारून सोमवारी दुपारी तो अंजलीच्या दुकानी गेला. अंजली कॉलनीतलीच, बी.कॉम झालेली. झेरॉक्स, पॅनकार्ड, भरतीचे फॉर्म, पोरापोरींचे बायोडाटा, सगळं तिच्या एका खोलीत व्हायचं. व्हिसाचा फॉर्मही तिनंच भरला होता.

"बोला काका. आता काय राहिलं?"

"टूर काढायची हाय. हायडेलबर्गची. इंग्रजीतली आणि स्वस्तातली."

"ओहो! आता काका टुरिस्ट!" तिनं बोटं मोडली आणि कीबोर्ड ओढला. "ही बघा, बसची. कानात यंत्र घालायचं, आठ भाषा आहेत."

"मराठी?"

"नाही हो."

"हिंदी?"

"चिनी आहे."

"ऱ्हाऊ दे. कानात बोळा घालून गाव बघायचं असतं का कुठं. माणूस पायजे समोर. काय इचारलं तर उत्तर देणारं."

"मग हा बघा, खासगी गाईड. तासाला..." अंजलीनं पडदा त्याच्याकडं वळवला.

सहादूनं आकडा बघितला आणि पडदा आपल्या हातानं परत तिच्याकडं फिरवला. "तेवढ्यात मी त्याला अख्खं नाशिक, त्र्यंबक अन् वणी फिरवून घरी जेवू घालीन. पुढची."

पुढची पायी फिरायची होती. दोन तास, इंग्रजीतून, फी ठरलेली नाही. शेवटी ज्याच्या मनाला येईल त्यानं तेवढं द्यायचं. अंजली खूश झाली. सहादूच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"दुकानात नेतात का बघ."

"काय?"

"अगं, फुकट बोलावणारा दुकानात नेतो. आपल्याकडं नाय का, 'काय द्यायचं ते द्या साहेब' म्हणत्यात अन् येवल्याची पैठणी म्हणून भलत्याच दुकानात नेऊन बसवत्यात. टक्का असतो त्याच्यात. मी पण दोन वर्षं खाल्लाय. नंतर सोडलं, झोप लागंना. लोकांनी काय लिवलंय ते वाच."

अंजलीनं वाचलं. एकानं लिहिलं होतं, गाईड फार छान. दुसऱ्यानं, गाईड फार भरभर चालते. तिसरीनं लिहिलं होतं, पाऊस पडत होता तरी बाईनं एकही गोष्ट गाळली नाही. दुकानाचं नाव कुणी काढलं नव्हतं. खाली त्या गाईडबाईची छोटी क्लिप होती. अंजलीनं ती लावली. पन्नाशीची, आखूड केसांची बाई पुलावर उभी राहून बोलत होती. सहादू पडद्याजवळ तोंड नेऊन ऐकत राहिला. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा लावली.

"कळलं का काका?"

"निम्मं कळलं." त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "हिचं पण इंग्रजी घरचं दिसत नाय. थांबून थांबून शब्द हुडकती. अशाचं मला कळतं. जे घरचं बोलत्यात ना गं, ते सगळं गिळून टाकत्यात. हिचंच बुक कर."

फॉर्म उघडला. अंजलीनं पहिल्या चौकटीत सहादूचं नाव लिहायला घेतलं, तसा तो म्हणाला, "माझं नको. रोहिणीचं टाक."

"काका, फिरणार तुम्ही ना?"

"फिरणाऱ्याचं नाव कोण लिवतं? नाव बोलावणाऱ्याचं असतं." त्यानं खिशातून स्टँडची वही काढून दाखवली. पानापानावर नावं होती: अमित, ठाणे, स्नेहल, बंगळूर, राज, दुबई. ज्या म्हाताऱ्यांना तो फिरवून आणायचा त्यांच्यातल्या एकाचंही नाव वहीत नव्हतं. "उद्या काय अडलं, गाईडला फोन लावायचा झाला, तर तो मला लावून काय कळणार? ज्यानं पाठवलं त्यालाच लावायचा. तिचाच नंबर टाक, तिचाच मेल टाक. माणसं एक."

"बरं. पण तारीख? इथं पुढच्या दोनच आठवड्यांच्या तारखा दिसताहेत. जून उघडलेलाच नाही."

"कोणती पण टाक. आधी नाव पडलं पायजे. तारीख मागून सरकवता येती. आमच्यात असंच असतं. ज्याचं नाव वहीत पडलं तो आपला, मग मे म्हण नायतर दिवाळी म्हण."

अंजलीनं दोनदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग, काकांचा धंदाच आहे हा, त्यांना जास्त कळतं, असं म्हणून येता शनिवार टाकला आणि बटण दाबलं. सहादूनं तिला चहा पाजला. दुकानातून निघताना त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपणच आपल्याला दुसऱ्याच्या हवाली करून आलो, असं काहीतरी वाटत राहिलं.

मंगळवारी साडेअकराला तो लेणीच्या पायथ्याशी झाडाखाली रिक्षात बसला होता. सकाळपासून सवारी नव्हती. मागच्या रिक्षात बहिरू तोंडावर टॉवेल टाकून पडलेला. फोन वाजला. रोहिणी. तिकडं सकाळचे आठ; म्हणजे रात्रपाळी उतरून आली असणार.

"पप्पा, तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"मला मेल आलाय. डिअर रोहिणी, येत्या शनिवारी साडेदहाला मोठ्या चर्चसमोर भेटू, पायात चांगले बूट घाला. एक माणूस, इंग्रजी." तिचा आवाज कसातरीच येत होता. "तुम्हाला कुणी सांगितलं पप्पा?"

"काय कुणी सांगितलं?"

"मी काहीच बघितलं नाही म्हणून."

सहादू सीटवर सरळ झाला. त्याचं गप्प बसणं रोहिणीनं होकार धरलं. मग ती बोलतच सुटली. वॉर्ड, खोली, दुकान, भाषेचा क्लास आणि परत वॉर्ड. पहिलं वर्ष परीक्षेत गेलं. दुसरं जादा पाळ्यांत. किल्ला रोज बसच्या खिडकीतून दिसतो. "तुम्हाला व्हिडिओवर दाखवते ना, मागं बघा किल्ला, तो तेवढाच पप्पा. मी वर कधी गेलेच नाही. बरोबरच्या केरळच्या पोरी जाऊन आल्या, तेव्हा माझी ड्युटी. नंतर वाटलं, एकटीनं काय बघायचं. सुट्टी आली की मी झोपते. पडदा ओढून दिवसभर झोपते."

"अगं, मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? इथं येऊन तीन वर्षं झाली अन् मला रस्ते माहीत नाहीत, हे? तुम्ही येणार म्हटल्यावर मला धडकीच भरली. तुम्ही विचारणार, हे कुणी बांधलं, ते कशानं पडलं. तुमच्यासारख्या माणसाला मी काय दाखवणार? म्हणून म्हटलं, टूर घ्या." ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि तुम्ही माझीच टूर काढली. तिथं बसून."

खोटं बोलायला आता एक शब्दही खर्चावा लागणार नव्हता. नुसतं हूं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सहादूनं समोर पाहिलं. पायऱ्यांवरून एक कुटुंब खाली येत होतं. बाप पुढं, आणि चार-पाच वर्षांची पोर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत मागं.

"रोहू," तो म्हणाला, "ते तुझ्यासाठी नव्हतं गं. माझ्यासाठीच होतं. मी स्टँडच्या रीतीनं तुझं नाव टाकलं. अन् जूनच्या तारखा उघडल्या नव्हत्या, म्हणून म्हणलं, कोणती पण टाक, मागून सरकवू."

मग रोहिणी हसली. आधी फिसकन, मग मोठ्यानं, लहानपणी हसायची तशी खिदळून. "पप्पा! इथं अशी तारीख सरकत नसते! ती बाई शनिवारी माझी वाट बघत उभी राहिली असती चर्चसमोर!"

"उभी राहिली असती का?"

"मग काय! जर्मन लोक आहेत ते."

"अंजली म्हणत होती मला," सहादू ओशाळून म्हणाला. "मीच ऐकलं नाय."

हसणं ओसरलं. "ठीक आहे," रोहिणी म्हणाली, "मी कॅन्सल करून टाकते. जूनचं नंतर बघू."

"थांब." सहादू रिक्षातून खाली उतरला, जणू बसून बोलण्यासारखं हे नव्हतंच. "करू नको कॅन्सल. मला ती टूर नको. जूनमध्ये पण नको. मी दुसऱ्यांच्या आईबापाला फिरवतो, मला म्हाईत हाय ते कसं असतं. मला किल्ला नाय बघायला मिळाला तरी चालंल. मला तुझ्या मागं मागं हिंडायचंय. तुला जेवढं म्हाईत असंल तेवढंच दाखव. दुकान दाखव. बसचा थांबा दाखव. पण तू पायजे."

इतकं त्यानं आयुष्यात कधी कुणापाशी मागितलं नव्हतं. मागच्या रिक्षात बहिरूनं टॉवेल तोंडावरून किंचित सरकवला होता.

"शनिवार माझा झोपेचा दिवस असतो पप्पा," रोहिणी हळू म्हणाली.

"मग झोप बाई. शरीर आधी."

"तसं नाही... बघते."

"अन् गेलीसच तर एक कर. राजाबिजाची नावं ध्यानात नाय ऱ्हायली तरी चालंल. पायऱ्या कितीक हायेत, कुठं टेकायला जागा हाय, पाणी कुठं मिळतं, तेवढं बघून ठेव. सवारीला तेच लागतं."

ती परत थोडं हसली. "बघते," म्हणाली. फोन ठेवला.

बहिरू उठून बसला. "पोरगी का?"

"हां."

"काय म्हणती?"

"बघते म्हणती."

"माझं पोरगं नाशकातच ऱ्हातं, म्हसरूळला," बहिरू म्हणाला, "ते पण बघतोच म्हणतं." आणि त्यानं टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. सहादूनं रोहिणीला काही विचारलं नाही. गुरुवारी रात्री लताबाईनं सगळं काढून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, "रातपाळी करून आलेल्या पोरीला डोंगर चढायला लावता. झोपू द्या की तिला." मग ताटं उचलता उचलता थांबली. "पडदा ओढून झोपती म्हणाली?"

"हां."

"दिवसभर?"

"हां."

भांडी घासताना लताबाईनं एकच पातेलं फार वेळ घासलं. पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "जाऊ द्या तिला. जरा उन्हात तरी निघंल."

शुक्रवारी पासपोर्टची चौकशी केली. अजून आला नव्हता.

शनिवारी आभाळ एकदाचं मोकळं झालं आणि ऊन असं पडलं की डांबराचा वास सुटला. दुपारी सीएनजीच्या पंपावर रिक्षांची रांग वळणापर्यंत गेली होती. सहादूचा नंबर सतरावा. मागं बहिरू. सहादूनं दीड वाजता फोन बघितला, पावणेदोनला बघितला. तिकडचे साडेदहा म्हणजे आपले दोन, हे त्यानं मनात इतक्यांदा मांडलं होतं की आता त्या गावाचं घड्याळ त्याच्या डोक्यातच चालत होतं. उठली असेल का? का पडदा ओढलेलाच असेल? चर्चसमोरची ती जागा त्यानं अंजलीच्या पडद्यावर बघितली होती. तिथल्या फरशीवर त्यानं रोहिणीला उभं करून पाहिलं. अंगात कोणतं जाकीट असेल, ते त्याला नीट दिसेना.

दोन वाजून चार मिनिटांनी मेसेज आला.

पोचले. नऊ जण आहेत. बाई खरंच भरभर चालते.

सहादूनं तो वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. बहिरू येऊन खांद्यावरून डोकावला. "लाव की व्हिडिओ. आपण बी बघू जर्मनी. गाईडसाहेब असल्यावर फुकटात."

सहादूचा अंगठा कॅमेऱ्याच्या खुणेवर गेला होता. दाबलं की ती दिसणार होती. तिच्या मागचं चर्च, नऊ माणसं, ऊन असेल तर ऊन. तीन वर्षं तो तिला अशीच बघत आला होता, हातभर अंतरावरून, अर्ध्या अंगाची. बघावंसं लय वाटत होतं. पण तिनं फोन उचलला असता तर ती चालता चालता फोनकडं बघत राहिली असती, आणि बाई पुढं निघून गेली असती.

"नको," तो म्हणाला. "बघू दे तिला."

"तू बघ ना मग."

"तिचं बघून होऊ दे."

त्यानं फोन खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. आता पूल आला असेल. आता ती वळून नदी बघत असेल. का अजून चर्चच्या आतच असतील सगळे? त्याला त्या गावातलं यापुढचं काहीच माहीत नव्हतं. जूनला अजून पन्नास दिवस होते आणि पासपोर्ट मुंबईतल्या कुठल्यातरी टेबलावर पडून होता.

पुढून हॉर्नचा गलका उठला. रांग हलली होती. "ओ गाईडसाहेब, सरका पुढं, का हितंच लेणं कोरताय?" बहिरू ओरडला.

एवढ्याशा अंतरासाठी इंजिन कोण चालू करतं. सहादू खाली उतरला, एक हात हँडलला आणि खांदा पत्र्याला लावला, आणि रिक्षा ढकलत पुढं नेऊ लागला.